छापल्याप्रमाणे

मैत्रेयी रोकडेचा पाय बसल्या जागी हलतो. ही लहानपणची सवय नव्हे, नोकरीनं लावलेली आहे. मंत्रालयातल्या एका खात्यात ती सहायक कक्ष अधिकारी आहे, आणि अधिवेशन जवळ आलं की टेबलाखाली तिचा उजवा पाय असा काही हलायला लागतो की शेजारच्या टेबलावरचे लोक आपला चहा हातात उचलून घेतात.

विधान परिषदेत सदस्य प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात, अशी आपली सगळ्यांची समजूत. तोंड मंत्र्यांचंच असतं, त्यात वाद नाही. पण त्या तोंडातून काय निघायचं ते मैत्रेयीसारख्या माणसांनी आधी लिहून, वरच्या पाच-सहा सह्या घेऊन, छापायला पाठवलेलं असतं. प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. असल्यास, काय कारवाई केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्यासमोर ‘हे खरे नाही’ लिहिलं की उरलेल्यांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायचं आणि पुढची फाइल ओढायची. अगदीच अंगाशी येणार असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’ लिहायचं. नुसतं ‘हे खरे आहे’ असं उत्तर मैत्रेयीनं नोकरीला लागल्यापासून कधी लिहिलं नव्हतं. तशी कुणी मनाई केलेली नाही. पण पहिल्या दिवसापासून जे कुणी लिहिताना दिसलं नाही, ते लिहायला हात होत नाही.

यंदाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाला तिच्या टेबलावर तारांकित प्रश्नांचा गठ्ठा पडला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून द्यायचं. ती एकेक प्रश्न वाचत गेली, आणि एका प्रश्नाशी तिचा हलता पाय थांबला. बदलापूर पश्चिम, बेलवलीजवळील आम्रपाली नगर येथील नाल्यावरच्या साकवाचे काम अर्धवट असून नागरिकांना विजेच्या खांबांवरून जीव मुठीत धरून ये-जा करावी लागते, हे खरे आहे काय?

आम्रपाली नगरात मैत्रेयीचं घर आहे.

साकव म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल. जुना साकव पुरात गेला. नव्याचे दोन्ही काठांचे पिलर उभे राहिले, सळया वर आल्या, नारळ फुटला, फोटो निघाले आणि ठेकेदार जो गेला तो गेला. मग वस्तीतल्या पोरांनी विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब कुठून तरी आणून नाल्यावर आडवे टाकले. हेंद्रेपाड्याच्या अंगानं दुसरी वाट होती, तिथं एका बिल्डरनं पत्रे ठोकले. रिक्षा, बाजार, दवाखाना, विहार, सगळं पलीकडे. मैत्रेयी रोज सकाळी चपला हातात घेते, त्या खांबांवरून पलीकडे जाते, पाय पुसून चपला घालते आणि राज्याच्या कारभाराला हातभार लावायला निघते.

गेल्या दिवाळीआधी तिची आई द्रौपदी त्याच खांबांवरून घसरून नाल्यात पडली. खुबा मोडला. दवाखान्यात नेताना आणि आणताना चौघांनी तिला खुर्चीवर बसवून खांबांवरून काढलं. परत आल्यावर द्रौपदीनं सांगून टाकलं, “पुन्हा मला त्या खुर्चीत बसवायचं असेल ना, तर मी मेल्यावर बसवा.” तेव्हापासून ती वॉकर धरून दारापर्यंत येते, नाल्यापलीकडच्या विहाराकडे बघते आणि मागे फिरते. तिची एकच मागणी होती. येत्या चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, तिला स्वतःच्या पायांनी विहारात जायचं होतं.

तिचा नवरा किसन अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेला. कारखान्यात तो युनियनचे अर्ज लिहायचा. ती खोड रिटायर झाली नव्हती. त्यानं साकवासाठी अर्जांचा सपाटा लावला आणि त्यातला एक अर्ज एका सदस्यांच्या हाती लागून आता प्रश्न होऊन आला होता. तो नेमका त्याच्याच मुलीच्या टेबलावर येईल, हे ना त्याला ठाऊक होतं ना सदस्यांना.

मैत्रेयीनं रीतीप्रमाणे खालच्या कार्यालयाकडून माहिती मागवली. माहिती आली. ‘सदर साकवाचे काम पूर्ण झालेले असून तसा पूर्णत्वाचा दाखला अभिलेखावर उपलब्ध आहे.’ तिनं ते वाचलं, पाणी पिऊन आली, पुन्हा वाचलं. मग फोन लावला. तिकडे प्रज्वल नावाचा कनिष्ठ अभियंता होता, आवाजावरून नुकताच लागलेला.

“मॅडम, मी जॉइन व्हायच्या आधीचं काम आहे ते. फाइलला कम्प्लिशन लागलंय.”

“तुम्ही साइटवर जाऊन पाहिलंत का?”

“मॅडम, माझ्याकडे तीन जणांचा चार्ज आहे. सच बोलू का? फाइलला जे आहे तेच मी लिहिणार ना? तुम्ही पण तेच करता.”

तिनं फोन ठेवला. ती फाइल घेऊन कक्ष अधिकारी पेडणेकर साहेबांपुढे उभी राहिली. शिवराम पेडणेकर हा माणूस वाईट नव्हता. कुणाची रजा त्यानं कधी अडवली नाही. फक्त निवृत्ती जवळ आल्यामुळे तो प्रत्येक कागद गरम तव्यासारखा बोटाच्या टोकानं धरायचा.

“साहेब, हे चूक आहे. साकव झालेला नाही.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी तिथंच राहते. अर्ज माझ्या वडिलांचा आहे.”

पेडणेकरांनी चष्मा काढला. “रोकडे मॅडम, हे मला बोललात ते बोललात, आता दुसऱ्या कुणाला बोलू नका. उद्या म्हणतील, घरचा साकव बांधून घ्यायला खातं वापरलं. तुमची नोकरी जाईल आणि माझी पेन्शन. खालून लेखी आलंय ना? ते जातं तसं जाऊ दे वर.”

खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःच्या तोंडानं बोलतो. इथं खालच्याच्या कागदावर मधल्याची सही, मधल्याच्या सहीवर वरच्याची, आणि शेवटी सगळं खरं होऊन बाहेर पडतं. मैत्रेयी जागेवर आली. ‘हे खरे नाही’ असं टाइप करायला कितीसा वेळ लागतो? तरी तिला दुपार लागली. मधे ती दोनदा जिन्यात जाऊन आली, एकदा उगाच खालपर्यंत उतरून पुन्हा चढली. मग तिनं टाइप केलं, सही केली आणि फाइल वर सरकवली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज कुठे ठेवावी हे कळत नव्हतं. संध्याकाळी चपला हातात घेऊन ती त्याच दोन खांबांवरून घरी आली.

काही दिवसांनी सदस्यांच्या पीएनं किसनला छापील यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. घरात पानं वाढलेली. किसननं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. स्वतःचा मजकूर प्रश्नात आलेला बघून त्याची मान ताठ झाली होती. मग तो उत्तरावर आला.

“हे खरे नाही?” त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “हे खरे नाही म्हणे! आणि पुढे काय, तर प्रश्न उद्भवत नाही! अगं, ही पडली, हिच्या खुब्यात लोखंड आहे आणि प्रश्न उद्भवत नाही? कुठला गाढव बसवलाय तिथं लिहायला?”

मैत्रेयीनं हातातला घास ताटात ठेवला. ती पाणी प्यायली. किसन बोलतच होता. मंत्र्याला, ठेकेदाराला, बिल्डरला, सगळ्यांना त्यानं एका दमात घेतलं आणि शेवटी पुन्हा त्या गाढवावर आला. द्रौपदी मुलीच्या ताटाकडे बघत होती, आणि मग ताटाखालच्या गुडघ्याकडे.

“पाय हलवू नकोस, मैत्रे,” ती म्हणाली. “जेव.”

आईला कळलं होतं. त्या रात्री मैत्रेयी कूस बदलत पडून राहिली, आणि आईही जागीच आहे हे तिला ऐकू येत होतं.

प्रश्नाचा दिवस आला. सभागृहाच्या एका अंगाला अधिकाऱ्यांसाठी बाकं असतात. मंत्र्यांना ऐनवेळी माहिती लागली तर तिथून चिठ्ठी जाते. पेडणेकर साहेब आणि फाइल सांभाळायला मैत्रेयी, दोघं तिथं जाऊन बसले. तिथं पाय हलवायलाही जागा नव्हती, म्हणून ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

विधान परिषदेचं कामकाज बाहेरून गंभीर वाटतं. आत बसलं की लग्नाच्या हॉलसारखं असतं. कुणी येतंय, कुणी जातंय, कुणी वाकून कुणाच्या कानात सांगतंय आणि मधेच एक जण उभा राहून कळकळीनं बोलतोय. प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. पहिल्याच प्रश्नावर विरोधक पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, घोषणा झाल्या, सभागृह थोड्या वेळासाठी तहकूब झालं. पुन्हा भरलं. दुसऱ्या प्रश्नावर उपप्रश्नांना उपप्रश्न फुटत गेले. साकवाचा प्रश्न यादीत बराच खाली होता. तासात पोहोचला नाही, तर छापलेलं उत्तर आपोआप पटलावर ठेवलं असं धरतात आणि तिथं तो विषय मिटतो.

“पोहोचत नाही बघा,” पेडणेकर घड्याळाकडे बघून पुटपुटले. त्यांचा चेहरा सैलावला होता.

मैत्रेयीला वाटलं, नाही पोहोचला तर बरं. लगेच वाटलं, पोहोचू दे रे बाबा. असं तिचं वर-खाली चाललं असताना तिची नजर समोरच्या प्रेक्षक गॅलरीत गेली. तिथं पहिल्याच रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून किसन बसला होता. सदस्यांकडून पास मिळवून आला होता, घरी बोलला नव्हता. तिथं बोलायला, टाळी वाजवायला, पुढे वाकायलासुद्धा बंदी. वर्गातल्या शहाण्या मुलासारखा तो ताठ बसला होता. आणि तो तिच्याकडेच बघत होता. ती त्या बाकावर का बसली आहे, हे त्याला अजून उमगत नव्हतं.

मधल्या एका प्रश्नाचे सदस्य गैरहजर निघाले. आणखी एक मंत्र्यांच्या विनंतीवरून पुढे ढकलला गेला. सभापतींनी साकवाचा क्रमांक पुकारला. मंत्री उभे राहिले.

“छापल्याप्रमाणे,” मंत्री म्हणाले आणि बसले.

एवढंच. हीच रीत आहे. छापलंय ते सगळ्यांच्या हातात आहे, वाचायची गरज नाही. पण आता तो एक शब्द जाहीर उत्तर झाला होता, आणि त्या उत्तराखाली मैत्रेयीची सही होती.

सदस्य उठले. “सभापती महोदय, उत्तरात म्हटलंय साकव पूर्ण आहे. माझा साधा प्रश्न आहे. हा साकव खात्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? एकाही माणसानं?”

मंत्र्यांनी मान मागे वळवून अधिकाऱ्यांच्या बाकांकडे बघितलं. पेडणेकरांनी झटकन चिठ्ठीवर लिहिलं, ‘काम पूर्ण. दाखला उपलब्ध.’ आणि शिपायाच्या जवळ मैत्रेयी होती म्हणून चिठ्ठी तिच्या हातात दिली. शिपाई हात पुढे करून उभा. मंत्री वाट बघतायत. समोर वडील. मैत्रेयीनं चिठ्ठी मांडीवर ठेवली, टोपण काढलं आणि साहेबांच्या ओळीखाली लिहिलं, ‘मी रोज तिथून येते. खांब आहेत, साकव नाही. आई त्यावरून पडली.’ खाली नाव लिहिलं. पेडणेकरांना ते दिसलं तेव्हा चिठ्ठी शिपायाच्या हातात गेली होती.

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग घडी घालून खिशात टाकली.

“सभापती महोदय, माझ्याकडे आलेल्या माहितीत तफावत दिसते. हा प्रश्न राखून ठेवावा, मी पाहणी करायला लावतो.”

“प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे,” सभापती म्हणाले आणि पुढचा क्रमांक पुकारला.

सगळं चहा ओतायच्या वेळात झालं. मैत्रेयीनं वर पाहिलं तर किसनची जागा रिकामी होती.

पॅसेजमध्ये पेडणेकर भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण तो माणूस घाबरला होता. “काय केलंत हो हे,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “पाहणीला आता तुम्हीच चला. लिहायलाही तुम्हीच बसा.”

मैत्रेयी घरी पोहोचली तेव्हा किसन दारात येरझाऱ्या घालत होता.

“तुझी चिठ्ठी गेली आणि माझा प्रश्न राखून ठेवला,” तो म्हणाला. “सगळं दिसत होतं मला वरून. एवढे अर्ज केले मी. पोहोचला होता गं प्रश्न! तुला काय नडलं होतं?”

“तिला आत तर येऊ दे,” द्रौपदी म्हणाली.

“पप्पा, आधीचं उत्तर मीच लिहिलं होतं.” मैत्रेयी उंबऱ्यातच उभी राहिली. “तुम्ही म्हणालात ना, कुठला गाढव बसवलाय. तो गाढव मी. आज चिठ्ठीत मी खरं लिहिलं, म्हणून मंत्र्यांनी प्रश्न थांबवला. बुडालेला नाही. पाहणी लागलीये.”

किसनच्या येरझाऱ्या थांबल्या. ती रडत होती आणि त्याला ते बघवत नव्हतं.

“गाढव म्हणालो ते मी मागे घेत नाही,” तो शेवटी म्हणाला. “पण चल, जेवून घे. नोकरी राहील का?”

“माहीत नाही.”

पाहणीच्या दिवशी सकाळी मैत्रेयी नेहमीसारखी चपला हातात घेऊन खांबांवरून पलीकडे गेली आणि रस्त्याच्या बाजूला साहेबांची वाट बघत उभी राहिली. जीप आली. पेडणेकर उतरले, प्रज्वल उतरला. प्रज्वल दिसायला आवाजापेक्षाही लहान होता. दोघांनी पिलर बघितले, गंजलेल्या सळया बघितल्या, खांबांखालचं काळं पाणी बघितलं. प्रज्वलनं एका खांबावर पाय ठेवून बघितला. खांब डुगडुगला. त्यानं पाय काढून घेतला आणि हातातली दाखल्याची फाइल पाठीमागे धरली.

“पलीकडच्यांचा जबाब घ्यावा लागेल,” पेडणेकर म्हणाले. पलीकडे जायला मात्र कुणीच निघेना.

द्रौपदी वॉकर धरून पलीकडच्या काठापर्यंत आली होती. मैत्रेयीनं कागद उघडला. रीतीनं विचारायचं तर सगळं विचारायला हवं.

“आपलं नाव?” तिनं नाल्यावरून हाक दिल्यासारखं विचारलं.

“द्रौपदी किसन रोकडे,” आईनं पलीकडून तितक्याच जोरात सांगितलं.

“आपण या साकवाचा वापर करता काय?”

“मला काय विचारतेस! तू आत्ता कशावरून पलीकडे गेलीस ते लिही!”

आजूबाजूची माणसं हसली. पेडणेकर खाली बघत होते. मैत्रेयीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

“पोरी,” द्रौपदीनं पुन्हा आवाज दिला. आता तिचा आवाज उतरला होता. “जयंतीपर्यंत होईल का गं?”

‘कार्यवाही सुरू आहे’, ‘लवकरच पूर्ण करण्याचे नियोजन आहे’, अशी दहा उत्तरं मैत्रेयीच्या जिभेवर तयार होती. ती सगळी तिनं गिळली.

“नाही, आई. जयंतीपर्यंत नाही होणार.”

द्रौपदीनं मान हलवली. वॉकर फिरवायला तिला वेळ लागला.

तेवढ्यात किसन घरातून किटली आणि कप घेऊन बाहेर आला. दारी साहेब आलेत, चहा दिल्याशिवाय कसे जातील? त्यानं चपला काढल्या, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांची पिशवी धरली आणि सरळ खांबावर पाऊल टाकलं. खांब हलला. तो दुसरं पाऊल टाकून मधोमध आला.

“काका!” प्रज्वल ओरडला. “काका, नका येऊ, पडाल! मागे व्हा! डेंजर आहे ते!”

किसन थांबला. काळ्या पाण्यावर, डुगडुगत्या खांबावर, किटली सावरत तो सत्तरीचा माणूस ताठ उभा राहिला, आणि त्यानं आधी प्रज्वलकडे बघितलं, मग मुलीकडे.

“साहेब काय म्हणाले ते ऐकलंस ना?” तो म्हणाला. “तेवढंच छापायला पाठव.”

प्रज्वलनं फाइल काखेत मारली, बूट काढले आणि म्हाताऱ्याला हात द्यायला खांबाशी वाकला. मैत्रेयीनं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. साकवाचे काम अर्धवट आहे, हे खरे आहे काय? तिनं समोर लिहिलं, ‘हे खरे आहे.’ आणि सही करून कागद पेडणेकर साहेबांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, वडील काठावर पोहोचेपर्यंत थांबले, आणि मग पेन मागितलं.